घरी करायचा टूल रेस्ट: गोल बार, अँगल की पाणी दिलेली कड?

लाकडाच्या लेथसोबत येणारा बिडाचा टूल रेस्ट, म्हणजे कातताना हत्यार ज्यावर टेकवायचं ते टेकण, बहुतेक दोन कारणांनी खटकतो. लांबी आपल्या कामाची नसते आणि वरची कड खरखरीत असते. नवा करायचा किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यायचा, तर पर्याय तीनच विचारात घेण्याजोगे: दांड्यावर वेल्ड केलेला गोल बार, भंगारातला अँगल (काटकोनी पट्टी), आणि वर पाणी दिलेल्या, म्हणजे कडक केलेल्या पोलादाची कड असलेला रेस्ट. तिन्ही रेस्ट लाकूड कापू देतात. हत्याराची मूठ किती खाली नेता येते आणि हत्यार टेकणाबाहेर किती लोंबतं, इथे ते वेगळे पडतात.

दांडा तिन्हींना सारखाच लागतो, म्हणून तो आधी. दांडा ज्यात बसतो तो लेथच्या बेडवर सरकणारा भाग म्हणजे बँजो; त्याचं भोक व्हर्नियरने मोजा. छोट्या लेथवर ते बहुधा १६ मिमी किंवा १ इंच असतं, मोठ्यांवर १ इंच, काही युरोपीय यंत्रांवर ३० मिमी. १ इंचाच्या भोकात २५ मिमीचा ब्राइट बार चालतो, ०.४ मिमीची ढिलाई बोल्ट आवळला की जाते. काळा बार घेऊ नका. त्यावरची पोपडी आणि जराशी अंडाकृती गोलाई यांमुळे तो फिरवताना एका बाजूला अडकतो आणि दुसऱ्या बाजूला डुलतो.

उंचीचं गणित एकदा कागदावर करा. समजा बेडपासून सेंटर (लाकूड ज्याभोवती फिरतं तो अक्ष) १५२ मिमी वर आहे आणि बँजोचा माथा ६५ मिमीवर. मधे ८७ मिमी उरतात. रेस्टचा माथा सेंटरपासून ते १२ मिमी खालपर्यंत हलला पाहिजे, म्हणजे बँजोच्या वर ७५ ते ८७. वर २० मिमीचा बार असेल तर त्याच्या तळापर्यंत दांडा ५५ ते ६७ मिमी बाहेर दिसेल, आणि आत किमान ४० हवा. एकूण १०७. सगळ्यात खालच्या जागी आत ५२ जातो, बेडला लागत नाही. हे न मोजता ‘जरा लांबच ठेव’ म्हणून कापलेला दांडा बेडवर टेकतो आणि बँजो सरकत नाही. मग पुन्हा करवत.

गोल बार

पहिल्यांदाच करत असाल तर हाच करा. ३०० मिमी लांबीचा २० मिमी बार सुमारे ७४० ग्रॅम भरतो, दांडा आणखी ४०० ग्रॅम. दांड्याच्या माथ्यावर बार बसायला अर्धगोल खाच लागते. ती कानशीने करण्यापेक्षा दांडा जास्त लांब ठेवून त्याला आडवं २० मिमीचं भोक पाडा आणि भोकाच्या मध्यावर कापा. दोन्ही बाजूंना टाके मारा, गुण्या लावून बघा, मग बाजू बदलत पूर्ण वेल्ड करा. ६०१३ ची ३.१५ मिमी वेल्डिंग काडी, १०० ते १२० अँपिअर पुरतो. पाण्यात विझवू नका, आपोआप निवू द्या.

वेल्ड आकसताना बाराची दोन्ही टोकं खाली ओढतो. सरळ पट्टी ठेवली की मधे फुगवटा दिसतो. तो व्हाइसमध्ये दाबून काढा; उरलासुरला लांब कानशीने. नंतर १२०, मग २२० चा एमरी पेपर लांबीच्या दिशेने, आणि वर मेण. हत्यार कसं सरकतं यातला मोठा फरक मेणानेच पडतो.

१६ मिमी की २० मिमी? मधल्या दांड्यापासून १५० मिमी बाहेर, टोकावर २० किलोचा भार दिला तर १६ मिमीचा बार सुमारे ०.३४ मिमी वाकतो, २० मिमीचा ०.१४. वाक लांबीच्या घनाच्या पटीत वाढतो, म्हणून १६ मिमीचा बार दांड्याच्या दोन्ही बाजूंना १०० मिमीपुढे नेऊ नये. टोकाशी उमटणाऱ्या लाटांचं खापर लोक हत्याराच्या धारेवर फोडतात; बऱ्याचदा बारच नाचत असतो.

गोल बाराचा खरा तोटा अंतराचा. २० मिमीच्या बाराचा पुढचा भाग लाकडापासून ५ मिमीवर ठेवला, तर माथा १५ मिमीवर येतो. मूठ ३० अंश खाली नेली की टेकण आणखी ५ मिमी मागे सरकतं. म्हणजे हत्यार २० मिमी लोंबतं. जाड गाउजला (पन्हळीसारख्या धारेच्या हत्याराला) काही वाटत नाही, ६ मिमीच्या बारीक गाउजला वाटतं.

अँगल

४०×४०×५ चा तुकडा कुठल्याही ग्रिलवाल्याकडे कोपऱ्यात पडलेला असतो, आणि स्वस्त आहे म्हणूनच तो मोह पाडतो. अडचण त्याच्या काटकोनात आहे. पुढची बाजू उभी ठेवली तर वरची आडवी होते. मूठ खाली नेली की हत्यार पुढच्या कडेवरून उचलून मागच्या कडेवर टेकतं, लाकडापासून ४० मिमी आणखी दूर. कड वर करून दोन्ही बाजू ४५ अंशांत ठेवल्या तर पुढची बाजू खालून लाकडाच्या आड येते. मागची बाजू कापून २० मिमी केली की थोडं निभतं, पण तेवढ्याने गाउज किंवा स्क्यूसाठी (तिरप्या धारेच्या पटाशीसाठी) तो धड होत नाही.

स्क्रेपरला (खरवडायच्या हत्याराला) मात्र अँगल छान. हत्यार जवळजवळ आडवंच असतं, टेकण रुंद मिळतं, कड लाकडाच्या अगदी जवळ नेता येते. बाहेरचा कोपरा कानशीने ३ मिमी त्रिज्येचा गोल करा. ३ मिमी जाडीचा अँगल घेऊ नका, तो थरथरतो.

पाणी दिलेली कड

लाटणं कातताना स्क्यू एका दमात टोकापासून टोकापर्यंत न्यावा लागतो. साध्या पोलादाच्या बारावर खाच पडली असेल तर हत्यार नेमकं तिथे अडखळतं आणि लाटण्यावर तिथेच कडं उमटतं. हायस्पीड स्टीलच्या हत्याराची कडकपणाची पातळी रॉकवेल ६२ ते ६५ असते. साधं पोलाद तिच्यासमोर लोण्यासारखं.

इथे दोन रचना आहेत. पहिली: ४०×१० ची पट्टी ६० अंशांत, वरची कड लाकडाकडे आणि खालची आपल्याकडे. वरच्या कडेत मिलिंगवाल्याकडून ६ मिमी रुंद, ३ मिमी खोल खोबण काढून त्यात ६ मिमीचा कडक रॉड. पुढे ५ मिमी जागा सोडून मूठ ३० अंश खाली नेली तरी हत्यार गोल बारापेक्षा कमीच लोंबतं. पट्टी आडव्या बाजूने कमजोर असते, म्हणून दांडा आणि पट्टी यांच्यात त्रिकोणी आधार वेल्ड करा. सगळं वेल्डिंग आधी, रॉड शेवटी. रॉडला वेल्डचा ताप लागला की त्याचं पाणी उतरतं, शिवाय तडकण्याची भीती. तो अरल्डाइटनेच चिकटवायचा: दोन्ही पृष्ठभाग ८० च्या पेपरने खरवडून, थिनरने पुसून, आणि क्लॅम्प २४ तास तसाच ठेवून. रॉडला लागलेलं तेल राहिलं तर एक दिवस रॉड हातात येतो.

दुसरी: सीएनसी आणि थ्रीडी प्रिंटरसाठी मिळणारा २० मिमीचा लिनिअर शाफ्ट. वरून कडक, आत गाभा मऊ. दांड्यावर ८०×२५×८ ची बैठक वेल्ड करून त्यात ६० मिमी अंतरावर दोन भोकं पाडा. शाफ्टच्या तळाला त्या दोन जागी ग्राइंडरने कडक थर काढा, मग ५ मिमी ड्रिल आणि एम६ चा टॅप (बोल्टसाठी आटे), १२ मिमी खोल. थर पुरता निघाला नाही तर ड्रिल जागेवर फिरतं, जळतं, पुढे जात नाही. बैठकीची जाडी दांड्यातून वजा करायला विसरू नका. अंतराचा तोटा इथे गोल बारासारखाच, खाचांचा त्रास मात्र नाही.

कडक कडेवर पैसे घालण्याआधी हत्यारं पाहा. खाचा बहुतेक वेळा स्क्यूच्या दांडीच्या धारदार कोपऱ्यांनी पडतात. ते कोपरे तेलाच्या दगडावर घासून गोल केले तर साधा बारही महिनोन्‌महिने गुळगुळीत राहतो.

तेव्हा रोजचं मिश्र काम असेल तर २० मिमीचा गोल बार. फक्त स्क्रेपरचं काम असेल तर अँगल. लाटणी, पाय, बारीक कातीव नक्षी विक्रीसाठी करत असाल तर पट्टी आणि रॉड. वाडग्याच्या आतल्या बाजूसाठी मात्र वाकवलेला गोल बारच लागतो: २० मिमीचा, गॅसवर लाल करून १०० मिमीच्या पाइपभोवती वळवलेला. त्याचा दांडा एका टोकाला असल्याने भार त्याला पिळतो, म्हणून वेल्ड चहूबाजूंनी पूर्ण हवा.

बँजोच्या बोल्टने दांड्यावर चरे पडतात, धातूची धारदार कोर उभी राहते आणि काही दिवसांनी रेस्ट वर-खाली होत नाही. बोल्टच्या टोकाखाली पितळेचा छोटा तुकडा ठेवा. रेस्ट हलवायचा तो लेथ बंद करूनच, आणि चालू करण्याआधी लाकूड हाताने एक पूर्ण फेरी फिरवून.