सांतोरिनीत समुद्रावरचा एक दिवस: छोटी कॅटामरान की मोठी लाकडी बोट?

ग्रीसच्या सांतोरिनी बेटावर जाणाऱ्या बहुतेकांकडे समुद्रासाठी एकच दिवस असतो. तो मोजक्या माणसांच्या कॅटामरानला (दोन सांगाडे जोडलेली शिडाची बोट) द्यायचा की ज्वालामुखीवर नेणाऱ्या मोठ्या लाकडी बोटीला, इथे गाडी अडते. मी दोन्ही केलं आहे. वाईट कुठलीच नाही, पण दोघी बेटाच्या वेगवेगळ्या बाजू दाखवतात आणि तिकीट काढताना हे कुणी सांगत नाही.

लाकडी बोट फिरा गावाच्या जुन्या बंदरातून किंवा अथिनिओस बंदरातून निघते. म्हणजे निघतानाच तुम्ही काल्डेराच्या, ज्वालामुखी खचून झालेल्या आणि समुद्राने भरलेल्या मोठ्या खळग्याच्या, आत असता आणि आतच राहता. नेआ कामेनी हे ज्वालामुखीचं बेट, शेजारच्या पालेआ कामेनी बेटाचे गरम झरे, मोठी सफर असेल तर थिरासिया बेट आणि इया गाव. तिचं खरं बळ नेआ कामेनीत आहे. 1707 साली समुद्रातून वर येऊ लागलेली ही जमीन 1950 पर्यंत अधूनमधून फुटत राहिली. काळ्या खडीच्या वाटेने विवरांपर्यंत चढायचं, खडकांच्या फटींतून येणारी वाफ बघायची, गंधकाचा वास घ्यायचा. सावली अजिबात नाही आणि प्रवेशाचे पैसे वेगळे, तरी तो चढ मला फार आवडला. कॅटामरान साधारणपणे इथे थांबत नाही, बेटाच्या बाजूने पुढे जाते. विवराच्या काठावर उभं राहायचंच असेल तर लाकडी बोटच घ्या, माझं पुढचं वाचून मन बदलू नका.

कॅटामरान बहुधा दक्षिण टोकाच्या व्लिहादाहून निघते. काही इयाखालच्या अमूदीहूनही निघतात, पण जमलं तर व्लिहादाचीच निवडा. कारण मग सुरुवात काल्डेराच्या बाहेर होते. वाऱ्याने कोरलेले राखेचे कडे मागे पडतात, मग लाल किनारा आणि त्यापुढे पांढरा किनारा. लाल किनाऱ्यावर दरडी कोसळतात, म्हणून जमिनीवरून तिथे उतरू नका अशा सूचना असतात. पाण्यातून मात्र तो अख्खा तांबडा कडा निवांत बघता येतो. अक्रोतिरीच्या दीपगृहाला वळसा घातला की काल्डेराची भिंत समोर येते: सुमारे 300 मीटर उंच, खाली लाव्हाचे काळे-तांबडे थर, वर सुमारे 3,600 वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाचा फिकट थर, आणि त्याच्याही वर पांढरी गावं. बाहेरून आत शिरताना हे बेट म्हणजे एका मोठ्या डोंगराची उरलेली कड आहे, हे डोळ्यांना पटतं. आतून निघणाऱ्या बोटीत ते तितकंसं पटत नाही, निदान मला तरी पटलं नव्हतं.

तरीही माझा कौल ठरला तो एका शिडीमुळे.

पालेआ कामेनीच्या झऱ्यांपाशी दोन्ही बोटी थांबतात. उथळ खाडीत त्यांना शिरता येत नाही, त्यामुळे थोडं अंतर पोहूनच जावं लागतं. पाणी आधी गार, मग हळूहळू कोमट आणि लोहामुळे गढूळ नारिंगी. फिकट रंगाचे कपडे घालू नका, डाग राहतात. इथपर्यंत दोन्हीकडे सारखंच. फरक परतताना पडतो. मी गेलो त्या लाकडी बोटीला पाण्यातून वर यायला एकच अरुंद, उभी शिडी होती. भोंगा वाजला की सगळे एकदम परत फिरले आणि त्या शिडीखाली गर्दी झाली. पाय टेकायला जमीन नाही, कारण काल्डेरा खोल आहे, आणि नुकतंच कोमट पाण्यातून आल्यावर गार पाणी जास्तच बोचतं. वर चढणारा प्रत्येक जण पायरीवर क्षणभर थांबायचा आणि खालचे सगळे तरंगत राहायचे. सराईत पोहणाऱ्याला याचं काही वाटणार नाही. पण माझ्याबरोबर जेमतेम पोहता येणारी माणसं होती, त्यांची दमछाक मी जवळून पाहिली. पुढच्या थांब्यावर त्यांच्यातलं कुणी पाण्यात उतरलंच नाही.

कॅटामरानला दोन सांगाडे, आणि दोन्हींच्या मागच्या टोकाला पाण्यालगत पायऱ्या. माणसं मोजकी, त्यामुळे दाटी होत नाही. हात धरून पायऱ्यांवर बसायचं, श्वास घ्यायचा, मग वर. त्याच मंडळींनी तिथे प्रत्येक थांब्यावर उडी घेतली.

पैशांचा फरक मोठा आहे. कॅटामरानचे लाकडी बोटीच्या काही पटींनी जास्त, हंगामात माणशी शंभर युरोच्या पुढे. त्यात जेवण, पेयं आणि हॉटेलपासून ने-आण बहुतेकदा धरलेली असते, तरी चौघांच्या कुटुंबाला तो आकडा जड जातो. शिवाय शीड उभारून वाऱ्यावर जायचं मनात असेल तर अपेक्षा थोडी कमी ठेवा, बराच वेळ इंजिनच चालू असतं. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा मेल्तेमी वारा जोरात असला की मार्ग बदलतो, कधी सफर रद्दही होते. दोन सांगाड्यांमुळे बोट कमी कलते हे खरं, पण ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी दोन्हीकडे घ्यावी.

सकाळ की संध्याकाळ? काल्डेराचा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी तो सावलीत असतो आणि दुपारनंतर उजळतो. मी दुपारची फेरी सुचवेन. सूर्यास्तापेक्षा त्या उन्हात उठून दिसणाऱ्या थरांसाठी.

दोन दिवस हाताशी असतील तर लाकडी बोटीची तीनेक तासांची छोटी फेरी नेआ कामेनीसाठी करा आणि पोहणं कॅटामरानसाठी राखून ठेवा. एकच असेल, आणि बरोबर कच्चं पोहणारं कुणी असेल, तर मी कॅटामरानकडे झुकेन. छोटा गट म्हणजे नेमकी किती माणसं, हे मात्र पैसे भरण्याआधी विचारून घ्या. प्रत्येकाचा छोटा गट वेगळा असतो.