१:२४ प्रमाणातील लाकडी ट्राम-संच : डबा उत्तम, गाडी अपुरी

मोठ्या आकाराच्या ट्राम-प्रतिकृती बनवण्याचा छंद ज्याला नव्याने लागतो, त्याच्यासमोर साधारणपणे तीन वाटा असतात: रुळांवर ठेवताच धावणारी प्लास्टिकची तयार ट्राम घेणे, लाकूड आणि धातूच्या सुट्या भागांचा संच आणून ती जोडणे, किंवा मूळ गाडीचे आराखडे मिळवून सगळे काही आपल्या हातांनी घडवणे. तिसरी वाट सुरुवातीलाच धरण्याचे धाडस थोडेच करतात आणि पहिलीत हाताला फारसे काम मिळत नाही, म्हणून बहुतेकांचा कल मधल्या वाटेकडे असतो. दोन ॲक्सलांच्या एकमजली ट्रामचा १:२४ प्रमाणातील, म्हणजे मूळ गाडीच्या एक चोविसांश मापाचा, असाच एक संच या परीक्षणाचा विषय आहे. उत्पादकाचे नाव येथे मुद्दामच दिलेले नाही. ज्या गोष्टी पुढे येतील त्या या प्रकारचा कोणताही संच घेताना तपासून पाहाव्यात अशाच आहेत.

खोक्यावर दोन दावे छापलेले आहेत. संच जोडून झाल्यावर दर्शनी कपाटात ठेवण्याजोगी प्रतिकृती तयार होते, हा पहिला. आणि मोटर बसवून ती ४५ मि.मी.च्या रुळांवर चालवता येते, हा दुसरा. पहिला दावा पूर्णपणे खरा आहे. दुसऱ्याबद्दल मात्र सविस्तर बोलावे लागेल, कारण नवशिक्या ग्राहक संच घेतो तो बहुधा त्याच्याच भरवशावर.

आधी मापांचा हिशेब. ४५ मि.मी. अंतराचे रूळ मोठ्या प्रतिकृतींमध्ये सर्रास वापरले जातात आणि त्याचे बरेचसे श्रेय एलजीबी या आगगाडी-प्रतिकृतींच्या जर्मन मालिकेला जाते, जी १९६८ मध्ये बाजारात आली. तिचे प्रमाण १:२२.५ असल्यामुळे हे रूळ मीटरगेजशी जुळतात. याच रुळांवर १:३२ प्रमाणातील गाडी ठेवली, तर ते १४३५ मि.मी.च्या प्रमाणित मार्गाशी (स्टँडर्ड गेजशी) जवळजवळ तंतोतंत जुळतात. १:२४ मध्ये मात्र ४५ मि.मी. म्हणजे प्रत्यक्षातले १०८० मि.मी. होतात, आणि प्रस्तुत संचातील ट्राम ज्या मूळ गाडीवर बेतलेली आहे ती धावत असे १४३५ मि.मी.च्या मार्गावर, ज्यासाठी या प्रमाणात सुमारे ६० मि.मी. अंतर हवे. परिणामी दोन्ही बाजूंची चाके सुमारे साडेसात मि.मी. आत सरकलेली आहेत. बाजूने पाहताना हे अजिबात जाणवत नाही, कारण चाकांपुढची चौकट ते झाकून टाकते; समोरून पाहणाऱ्याला मात्र गाडी थोडी चोरटी पावले टाकत असल्यासारखी वाटते. लिस्बनच्या ट्रामची प्रतिकृती घेणाऱ्यांना उलटा अनुभव येईल, कारण तिथला मार्ग ९०० मि.मी.चा असून १:२४ मध्ये त्याचे ३७.५ मि.मी.च होतात. ज्यांना असला फरक सहनच होत नाही त्यांनी ब्रिटनमध्ये रुळलेल्या १:१६ प्रमाणाकडे वळावे, ज्यात साडेतीन इंची रुळांवर प्रमाणित मार्गाची गाडी अचूक बसते. परंतु त्या प्रमाणात दुकानात तयार मिळणारे साहित्य कमी आणि स्वतः घडवायचे काम पुष्कळ. सुरुवातीसाठी साडेसात मि.मी.ची तडजोड मला मान्य आहे.

डब्याच्या सुतारकामाबद्दल मात्र कौतुकच करावे लागेल. लेझरने कापलेल्या प्लायवूडच्या आडव्या-उभ्या पट्ट्या एकमेकींत अडकवून सांगाडा उभा राहतो आणि त्यांच्या खाचा इतक्या नेमक्या आहेत की गोंद लावण्यापूर्वी गुण्या लावून पाहिला, तरी कोपरे काटकोनातच भरतात. खिडक्यांमधले खांब कापताना लेझरमुळे कडा काळ्या पडलेल्या असतात. ज्यांना लाकडाचा मूळ रंग राखून वर फक्त पॉलिश करायचे आहे त्यांनी या कडा जोडणीपूर्वीच बारीक पॉलिश पेपरने घासून घ्याव्यात, कारण सांगाडा उभा राहिल्यावर खिडक्यांच्या आतल्या कोपऱ्यांत बोट जात नाही. संचाची खरी परीक्षा टपावर होते. दोन्ही टोकांना टप खाली वळतो आणि तिथे पातळ फळ्या एकाच वेळी वाकवायच्या आणि निमुळत्या करायच्या असतात. पुस्तिकेत या कामाला एकच चित्र दिले आहे. प्रत्यक्षात फळी कोमट पाण्यात मऊ करून, गोल डब्याभोवती बांधून वाळवावी, मग तिची एक कड रंध्याने किंवा कानशीने उतरती करावी आणि मगच चिकटवावी. सगळ्या फळ्या मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना आळीपाळीने बसवल्या तर सांगाड्याला पीळ पडत नाही. टोकाशी थोड्या फटी राहतातच, त्या लाकडाच्या भुशात गोंद कालवून बुजवता येतात. पितळेच्या पायऱ्या, कठडे आणि दिव्यांच्या कड्या सुबक आहेत. रंगकामाविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही: आधी सीलर, मग प्राइमर, मग पातळ हात, हा नेहमीचाच क्रम.

आता खालच्या बाजूकडे वळू, जिथे संच तोकडा पडतो. चाके ओतीव मिश्रधातूची आहेत आणि कपाटातल्या प्रतिकृतीसाठी ती शोभतात. परंतु व्हर्नियर कॅलिपर लावल्यास व्यास जागोजागी थोडा बदलतो, भोक बरोबर मध्यभागी नाही आणि आतील कडेचा गोठ, म्हणजे ज्याला फ्लँज म्हणतात तो, रुळांच्या सांध्यांवर चढण्याइतका बोथट आहे. अशी चाके फिरताना हेलकावे खातात. सुदैवाने ४५ मि.मी.च्या रुळांसाठी खरादावर काढलेली चाके ॲक्सलसह सुटी मिळतात. त्यांच्या आतल्या बाजूंमधील अंतर सुमारे ४० मि.मी. असल्याची खात्री करून घ्यावी, म्हणजे सांधेबदलावर, जिथे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर जाते तिथे, ती अडखळत नाही.

चाकांहून मोठा दोष जोडणीच्या क्रमात आहे. पुस्तिकेप्रमाणे काम केल्यास ॲक्सलचे आधार थेट डब्याच्या तळाला चिकटवायचे असतात आणि त्यानंतर टपही कायमचा बंद होतो. खऱ्या ट्राम अशा बनत नसत. फिलाडेल्फियाच्या जे. जी. ब्रिल कंपनीची २१-ई ही दोन ॲक्सलांची चौकट देशोदेशींच्या ट्रामखाली बसली ती याच कारणाने, की चाके, स्प्रिंगा, ब्रेक आणि मोटरी हे सगळे त्या स्वतंत्र चौकटीत असे आणि डबा वर बसवला जाई. डबा एका कारखान्याचा आणि खालची चौकट दुसऱ्याची हे नेहमीचेच होते. संचात बदल करणाऱ्याने हाच धडा गिरवावा. दोन मि.मी. जाडीच्या पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीची आयताकृती चासी आधी बनवावी, ती मोकळीच रुळांवर चालवून पाहावी आणि मग डबा चार स्क्रूंनी तिच्यावर बसवावा. एक ॲक्सल चासीत पक्का आणि दुसरा मध्यबिंदूवर किंचित डुलणारा ठेवला, की रूळ थोडे वर-खाली असले तरी चारही चाके टेकून राहतात. संचातील बाजूच्या शोभेच्या चौकटी बाहेरून लावल्या की हा सगळा बदल दिसतही नाही. तीन-चार संध्याकाळींचे हे काम आहे आणि माझ्या मते शिकण्यासारखे जे काही आहे ते बहुतांशी याच कामात आहे.

मोटर निवडताना दुकानदार सहसा ताकदीबद्दल बोलतात. विचारायला हवी ती गती. प्रत्यक्षातील ३३ इंची चाक १:२४ मध्ये सुमारे ३५ मि.मी. व्यासाचे होते आणि त्याचा परीघ ११० मि.मी. भरतो. ताशी २५ कि.मी. या गतीने शहरातून जाणारी ट्राम या प्रमाणात सेकंदाला २९ से.मी. चालली पाहिजे, म्हणजे चाकाचे मिनिटाला साधारण १६० फेरे झाले पाहिजेत. साधी छोटी मोटर मिनिटाला हजारो फेरे घेत असल्यामुळे गिअर लावलेली, २०० फेऱ्यांच्या आसपासची मोटर घ्यावी. एन-२० जातीची अशी मोटर अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठी नसते आणि तळाखाली सहज लपते. याहून वेगवान मोटर लावलेल्या ट्राम मी पाहिल्या आहेत. त्या खेळण्यासारख्या सुसाट जातात आणि डब्यावर केलेली सगळी मेहनत वाया जाते. लाकडी टपामुळे गाडीचा तोल वर राहतो, तेव्हा शिशाच्या पट्ट्या तळाशी, दोन्ही ॲक्सलांच्या मध्ये ठेवाव्यात.

वळणांच्या बाबतीत ट्रामसारखी सोयीची दुसरी गाडी नाही. एलजीबीच्या सर्वांत लहान वळणाची त्रिज्या ६०० मि.मी. आहे. लांब पल्ल्याच्या आगगाडीची प्रतिकृती त्यावर हास्यास्पद दिसते, परंतु १:२४ मध्ये ती १४.४ मीटर होते आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर वळणाऱ्या खऱ्या ट्रामसाठी असे वळण मुळीच अशक्य नाही. अडचण येते ती पुढे आलेल्या टोकांची. २८ फूट लांबीची आणि ८ फूट चाक-अंतराची मूळ गाडी धरली तर प्रतिकृती ३५६ मि.मी. लांब होते, आणि या वळणावर तिच्या टोकाचा मध्य रुळांच्या मध्यरेषेपासून सुमारे २४ मि.मी. बाहेर झुकतो. शेजारचा मार्ग, तारेचे खांब आणि फलाटाची कड ठरवताना हा आकडा हाताशी असावा. पुस्तिकेत याचा उल्लेखही नाही.

विजेसाठी रुळांतून प्रवाह घेणे हा रूढ मार्ग आहे, पण दोनच ॲक्सल असलेल्या हलक्या गाडीला रुळांवरची धूळ लगेच थांबवते. सुरुवात करणाऱ्याने बॅटरी वापरावी असे मी सुचवेन. १८६५० आकाराच्या दोन लिथियम-आयन सेल, म्हणजे ७.४ व्होल्ट, आसनांखाली आडव्या मावतात आणि त्यांच्याबरोबर संरक्षक सर्किट व छोटा रेडिओ-रिसीव्हर बसतो. चार्जिंग मात्र सेल डब्याबाहेर काढून करावे; कोरडे लाकूड आणि पॉलिश यांच्या कुशीत लिथियम सेल चार्ज करणे शहाणपणाचे नाही. त्यासाठी टप निघणारा हवा, आणि तो कडेच्या पट्टीत बसवलेल्या छोट्या चुंबकांनी छान धरून राहतो. दिव्यांना पिवळसर पांढऱ्या एलईडी आणि प्रत्येकीला ४७० ओहमचा रोधक पुरेसा आहे.

ज्यांना वरच्या तारेतूनच प्रवाह घ्यायचा आहे त्यांना एक मोठा फायदा मिळतो: तार हा एक ध्रुव आणि दोन्ही रूळ मिळून दुसरा, अशी मांडणी असल्यामुळे चाके एकमेकांपासून विद्युतरोधित करावी लागत नाहीत आणि मार्गाचा फास करून गाडी उलट दिशेने परत आणली तरी शॉर्ट होत नाही. परंतु संचातील ट्रॉलीची दांडी, म्हणजे तारेला टेकून वीज घेणारा टपावरचा दांडा, टपात चिकटवण्यासाठी दिलेली आहे आणि ती हलत नाही. गाडीची दिशा बदलली की दांडीही फिरवून मागे करावी लागते, म्हणून फिरता, स्प्रिंगचा पाया स्वतंत्र घ्यावा, आणि तो बसवण्यापूर्वी टपाला आतून तीन मि.मी. प्लायवूडचा जोड द्यावा, कारण स्प्रिंगच्या सततच्या ताणाने संचातल्या पातळ फळ्या सांध्यांवर उकलतात.