कूलंट घरी बदलावं की गॅरेजमध्ये?

‘पुण्यात कुठे पाणी गोठतंय? रेडिएटरमध्ये साधं पाणी टाका’, हा सल्ला सोसायटीच्या पार्किंगमध्ये हमखास मिळतो. ऐकू नका. आपल्याकडे कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, लागतं ते गंज रोखायला आणि उकळबिंदू वर ठेवायला. मे महिन्यात एसी लावून खंबाटकी घाट चढताना त्याचं मोल कळतं. बोअर किंवा टँकरचं पाणी तर मुळीच नको, त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. तेव्हा बदलायचं हे नक्की; कुणी, एवढाच प्रश्न.

घरी करण्याचा मोठा फायदा पैशांपेक्षा खात्रीचा आहे. गाडीत काय गेलं ते तुम्हाला माहीत असतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रकाराचंच कूलंट आणा. नुसता हिरवा-गुलाबी रंग बघून घेऊ नका, रंग कंपनीगणिक बदलतो. इंजिन पूर्ण गार असल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. काही रेडिएटरना तळाशी ड्रेन कॉक, म्हणजे कूलंट सोडायची तोटी, असते, बऱ्याच गाड्यांना नसते. मग खालचा होज पाइप काढावा लागतो. पकडीने क्लिप दाबून मागे सरकवा आणि पाइप ओढण्याआधी थोडा पिळा, कारण तो चिकटून बसलेला असतो. सुटला की कूलंट सरळ टबात पडत नाही, खालच्या पत्र्यावरून ओघळत भलतीकडेच टपकतं. टब मोठाच घ्या.

इथेच एक हिशेब चुकतो. पाच लिटरच्या गाडीतून समजा तीनच लिटर बाहेर आलं. उरलेलं दोन लिटर इंजिन ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये अडकलेलं असतं. तुम्ही डिस्टिल्ड पाण्याने दोन-तीनदा धुऊन काढलंत, की आत राहिलेलं ते दोन लिटर जवळजवळ पाणीच. त्यावर कूलंट-पाण्याचं तयार ५०:५० मिश्रण तीन लिटर ओतलं तर गाडीत कूलंट उरतं जेमतेम ३० टक्के. म्हणून धुणार असाल तर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घ्या : आधी अडीच लिटर ते, मग डिस्टिल्ड पाणी. न धुता नुसतं काढून भरणार असाल आणि प्रकार तोच असेल, तर तयार मिश्रण पुरतं.

खरी परीक्षा मात्र भरताना आत अडकलेली हवा काढण्याची. हीटर फुल गरमवर ठेवून इंजिन चालू करायचं, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की उघडणारी झडप) उघडून फॅन एक-दोनदा फिरेपर्यंत थांबायचं, पातळी उतरेल तशी भर घालायची. जुन्या साध्या पेट्रोल गाडीत हे जमतं. टर्बो गाड्यांत हवा काढायला कधी वेगळे स्क्रू असतात, कधी व्हॅक्यूमने भरावं लागतं. आत हवा राहिली तर तापमानाच्या काट्यावर भरवसा ठेवता येत नाही. अशी गाडी गॅरेजलाच द्या. इलेक्ट्रिक आणि हायब्रिडला तर घरी हातच लावू नका.

कोपऱ्यावरच्या गॅरेजात रॅम्प असतो, काम झटपट होतं. फक्त नळाच्या पाइपने धुऊन तेच पाणी आत ठेवण्याची सवय काही ठिकाणी आहे. नाना पेठेतल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानातून कूलंटचा सीलबंद कॅन स्वतः आणून द्या आणि काम होईपर्यंत तिथेच उभे राहा, थोडा रोष पत्करून. अधिकृत सर्व्हिस सेंटरची मजुरी जास्त, पण वॉरंटीतल्या गाडीसाठी मी तीच देईन. बिलात ‘टॉप अप’ आहे की ‘रिप्लेस’, एवढं मात्र वाचा.

निघालेलं कूलंट चहासारखं तपकिरी असेल तर गंज आहे, धुणं आलंच. त्यावर तेलाचा तवंग दिसला तर घरचा बेत तिथेच रद्द, थेट मेकॅनिक.

आणि टब उघडा ठेवून वर चहाला जाऊ नका. कूलंट गोड लागतं आणि विषारी असतं. पार्किंगमधली कुत्री-मांजरं ते चाटतात. गटारातही ओतायचं नाही. कॅनमध्ये भरून, गॅरेजवाला घेईल का हे आधीच विचारून ठेवा. कुणीच घेणार नसेल तर मी तरी घरी काम काढणार नाही.