क्यूटी ६ आणि स्क्रीनचे स्केलिंग : आठ महिन्यांच्या वापरानंतर

ग्रंथालयाच्या नोंदी ठेवणारा आमचा प्रोग्राम विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो आणि गेले आठ महिने तो क्यूटी ६ वर आहे. क्यूटी म्हणजे एकाच कोडमधून वेगवेगळ्या प्रणालींसाठी प्रोग्रामच्या विंडो बनवण्याचे साधन. माझ्या टेबलावर ३८४० × २१६० पिक्सेलचा २७ इंची मॉनिटर १५० टक्के स्केलिंगवर, म्हणजे सगळे दीडपट मोठे दाखवत, तर शेजारचा १९२० × १०८० चा जुना मॉनिटर १०० टक्क्यांवर असतो.

क्यूटी ५ मध्ये हाय डीपीआय स्केलिंग, म्हणजे दाट पिक्सेलच्या स्क्रीनवर सगळे मोठे करून दाखवणे, आपण सुरू करावे लागे आणि १.५ हा गुणक (म्हणजे १५० टक्के) एरवी २ धरला जाई. क्यूटी ६ मध्ये ते कायम चालू असते आणि १.५ हा १.५ च राहतो. मराठी मजकुराला याचा फार मोठा फायदा होतो. ‘वर्षांचा’ या शब्दात रफार आणि अनुस्वार एकाच अक्षराच्या डोक्यावर बसतात. कमी पिक्सेलमध्ये काढलेले अक्षर ताणून मोठे केले की त्या दोघांचा मिळून एक काळा ठिपका होतो. आता ते सुटे वाचता येतात.

एक चूक मात्र आमच्याच कोडमध्ये होती. प्रोग्राम उघडताना गुणक एकदाच वाचून आम्ही तोच शेवटपर्यंत वापरत होतो, त्यामुळे जुन्या मॉनिटरवर उघडलेली विंडो मोठ्या मॉनिटरवर ओढली की पुस्तकांची मुखपृष्ठे धूसर दिसत. गुणक प्रोग्रामचा नसतो, विंडो ज्या स्क्रीनवर आहे तिचा असतो, आणि तो केव्हाही बदलू शकतो. क्यूटी ६.६ पासून या बदलाची सूचना देणारा ‘डिव्हाइसपिक्सेलरेशोचेंज’ हा स्वतंत्र इव्हेंट (क्यूटीकडून प्रोग्रामला येणारा निरोप) मिळतो. तो आला की २०० × २८० चे मुखपृष्ठ आम्ही ३०० × ४२० पिक्सेलमध्ये नव्याने तयार करतो.

मॅकवर गुणक १ किंवा २ एवढाच येत असल्याने तिथे फारसे काही करावे लागले नाही. लिनक्सवर मात्र एक्स११ या विंडो दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेत ‘एक्सएफटी डॉट डीपीआय’ हे स्केलिंग ठरवणारे मूल्य साऱ्या सत्राला एकच असते, म्हणून दोन वेगळ्या मॉनिटरांसाठी वेलँड ही नवी व्यवस्थाच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वेलँडचा अपूर्णांकी स्केलिंगचा प्रोटोकॉल गुणक १२० व्या भागांत कळवतो, म्हणजे १.५ साठी १८० येतात, आणि दशांशाची घासाघीस उरत नाही.

१२५ टक्क्यांवर तक्त्यांच्या रेषा कुठे जाड, कुठे बारीक येत होत्या, कारण एका पिक्सेलची रेषा सव्वा पिक्सेलची होऊन पुढेमागे ढकलली जात होती. क्यूटीत रेषा काढणाऱ्या ‘पेन’ची जाडी शून्य ठेवली की क्यूटी नेहमी स्क्रीनचा एकच पिक्सेल रंगवते. तेव्हापासून लांबलचक याद्यांतही सर्व रेषा सारख्या उमटतात.