‘बोरॉनची सुई बसवून देतो’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा

रेकॉर्ड प्लेअरची सुई झिजली असेल आणि कुणी म्हणाला, ‘नवी कार्ट्रिज कशाला घेता, निम्म्या पैशात जुनीच नव्यापेक्षा सरस करून देतो’, तर पैसे देण्याआधी हे वाचा. (कार्ट्रिज म्हणजे सुई धरणारा आणि तिची थरथर विजेत बदलणारा छोटा भाग.) माझे बारा हजार गेले. त्याहून मोठं नुकसान म्हणजे वडिलांनी जपलेल्या अभिषेकीबुवांच्या एका एलपीची अख्खी बाजू कायमची खराब झाली.

आमच्याकडे डेनॉनची डीएल-१०३ आहे. जपानच्या एनएचके या प्रसारणसंस्थेसाठी १९६० च्या दशकात तयार झालेली ही मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज, म्हणजे सुईबरोबर आतली तारेची वेटोळी (कॉइल) हलतात अशी. तिची सुई हाताने ओढून बदलता येत नाही, आणि फसवणुकीला जागा मिळते ती नेमकी इथेच. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारात, जिथे कॉइलऐवजी चुंबक हलतो, म्हणजे ऑर्टोफोनची टूएम रेड किंवा ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ असेल तर, सुईचा भाग काढायचा, नवा बसवायचा, काम संपलं. तशा कार्ट्रिजच्या ‘दुरुस्ती’साठी कुणी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा.

आमच्या सुईच्या टोकाचा हिरा झिजला होता. रेकॉर्डच्या प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यांत, मधल्या लेबलाजवळ, ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे यायचे. झिजेची ही ओळखीची खूण. ओळखीतून एका माणसाचा नंबर मिळाला. मुंबईला काम शिकलो, आता मडगावला खोली घेऊन हेच करतो, असं म्हणाला. ‘साहेब, साधी सुई काय बसवायची? बोरॉनची दांडी, वर लाइन कॉन्टॅक्ट हिरा. केसरबाई समोर बसून गातायत असं वाटेल.’ दांडी म्हणजे जिच्या टोकाला हिरा बसतो ती बारीक काडी, बोरॉन हा तिच्यासाठीचा हलका, ताठ पदार्थ, आणि लाइन कॉन्टॅक्ट म्हणजे खाचेच्या भिंतीला जास्त लांबीवर टेकेल असा घासलेला हिरा. आठ हजार ठरले. केसरबाईंचं नाव घेऊन आम्हा गोंयकारांना कुठे पकडायचं, हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

कार्ट्रिज ताब्यात गेल्यावर फोन आला: आतली एक कॉइल जळलीय, अजून चार हजार लागतील. हे वाक्य लक्षात ठेवा. कॉइल तुटली की त्या बाजूच्या स्पीकरचा आवाज बंद पडतो. आमचे दोन्ही स्पीकर शेवटच्या दिवसापर्यंत सारखे वाजत होते. तसं त्याला सांगितलं, तर म्हणाला, ‘आतून कमजोर झालीय, आज ना उद्या जाणारच.’ कार्ट्रिज त्याच्या हातात, आणि उघडलेली. पैसे दिले.

परत आली ती चकचकीत डबीत. पहिल्या रात्री आवाज मोठा आणि झगझगीत वाटला. मग बुवांची एलपी लावली. तानेत खरखर, तबल्याच्या थापेला सुई खाचेतून उसळते की काय असं वाटावं. सुईचा रेकॉर्डवर पडणारा भार तपासला, अडीच ग्रॅम, या कार्ट्रिजला हवा तेवढाच. त्याला फोन केला तर म्हणाला, ‘पन्नास तास वाजवा, सुई बसते.’ यात अर्धं सत्य आहे आणि म्हणूनच ते घातक आहे. नव्या कार्ट्रिजमधलं, दांडीला धरून ठेवणारं रबर सुरुवातीच्या काही तासांत थोडं मोकळं होतं, पण वाकडा बसवलेला हिरा कितीही वाजवला तरी सरळ होत नाही. तोपर्यंत तो खाचेच्या भिंती कुरतडत राहतो, आणि विनाइलवरचा ओरखडा कुठल्याही साबणाने किंवा ब्रशने जात नाही.

माझी मावसबहीण फोंड्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिच्या मायक्रोस्कोपखाली सुई धरली. बोरॉनची दांडी बारीक, भरीव आणि काळसर असते. इथे दिसली चंदेरी ॲल्युमिनियमची पोकळ नळी, जुन्या दांडीच्या खुंटावर सरकवून गोंदाने चिकटवलेली. गोंदाचा ओघळ स्पष्ट दिसत होता. टोकाला अखंड हिराही नव्हता, धातूच्या कांडीवर चिकटवलेला हिऱ्याचा बारीकसा तुकडा होता, स्वस्त सुयांना असतो तसा. तोही एका अंगाला कललेला. आतल्या रबराला तर हातच लावलेला नव्हता.

या रबराबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून मी बोलतो. नवा हिरा बसवला तरी दांडीला धरून ठेवणारं रबर जुनंच राहतं, आणि ते वर्षांनुवर्षांत कडक होतं. कार्ट्रिज फार जुनी असेल तर रबर बदलल्याशिवाय नुसती सुई बसवणं म्हणजे अर्धंच काम. प्रामाणिक कारागीर हे आधी सांगतो. तो काम हाती घेण्यापूर्वी झिजलेल्या हिऱ्याचा मोठा केलेला फोटो पाठवतो, दांडी कशाची आणि हिरा कोणत्या आकाराचा हे बिलावर लिहितो, काम झाल्यावर समोरून आणि बाजूने पुन्हा फोटो देतो, काढलेला भाग परत करतो. यातली एक जरी गोष्ट तो टाळत असेल तर कार्ट्रिज हातातून सोडू नका.

महागड्या मूव्हिंग कॉइलच्या बाबतीत चांगल्या कारागिराकडून नवी सुई बसवून घेण्यात अर्थ आहे, हे माझं मत अजूनही कायम आहे. काही कंपन्या जुनी कार्ट्रिज घेऊन नवी सवलतीत देतात, ते आधी विचारा. पण डीएल-१०३ सारखी, आजही नवी मिळणारी कार्ट्रिज असेल तर नवीच घ्या. आम्ही तेच केलं.

त्या माणसाने आता फोन उचलणं बंद केलंय. बिल दिलं नव्हतं, तरी यूपीआयच्या नोंदी, ‘बोरॉन’ लिहिलेले त्याचे मेसेज आणि मायक्रोस्कोपचे फोटो माझ्याकडे आहेत. ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत २ वर्षांची आहे. सल्ल्यासाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. मी तक्रार दाखल करतोय. मडगावच्या आसपास तुमचीही कार्ट्रिज अशीच ‘सुधारून’ आली असेल, तर ती पुन्हा तबकडीवर ठेवू नका, आणि त्याचे मेसेज पुसू नका.