प्रीमिकॅथ २८ गेज: किलोच्या आतल्या बाळाची पिकलाइन

व्हायगॉन कंपनीची प्रीमिकॅथ म्हणजे १ फ्रेंच, २८ गेज (ही दोन्ही जाडीची मापं), २० सेंमी लांबीची पॉलियुरेथेनची पिकलाइन, म्हणजे हाता-पायाच्या शिरेतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली बारीक नळी. बाहेरचा व्यास मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढा. बाळ ८०० ग्रॅमचं आहे, नाभीतली लाइन काढायची वेळ झालीय आणि टीपीएन (शिरेतून दिलं जाणारं पोषण) अजून आठ-दहा दिवस चालणार आहे, अशा वेळी हिला तोड नाही. मात्र तिच्याकडून एकच काम घ्यायचं: संथ, अखंड इन्फ्युजन. तिच्यातून रक्त काढणं, पीआरसी (तांबड्या पेशींचं रक्त) चढवणं, बोलस (एकदम जोरात दिलेला डोस) ढकलणं सुरू झालं की ‘ही लाइन सारखी ब्लॉक होते’ अशी तक्रार येते. त्यात लाइनचा दोष नसतो.

तुलना करायची तर त्याच कंपनीच्या एपिक्युटेनिओ-केव्हाशी: २ फ्रेंच, सिलिकॉनची, ३० सेंमी. सिलिकॉन मऊ, शिरेच्या भिंतीला कमी टोचतं आणि प्रवाहाबरोबर पुढे जातं. पण त्याची भिंत जाड असते, आणि फ्लश जोरात मारला तर ते फुगून फाटतं. पॉलियुरेथेन थोडं ताठ असल्यामुळे सरकवायला सोपं, आणि अंगाच्या उबेने नंतर मऊ पडतं. दीड किलोच्या बाळाची शीर चांगली दिसत असेल तर आम्ही २ फ्रेंचच घेऊ. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, त्यामुळे थोडासा रुंद लुमेनही (नळीची आतली पोकळी) खूप फरक पाडतो.

टाकण्यापूर्वी लांबी मोजा. हातातून टाकताना टोचण्याच्या जागेपासून शिरेच्या मार्गाने उरोस्थीच्या वरच्या खाचेपर्यंत आणि तिथून उजव्या बाजूच्या तिसऱ्या बरगडी-फटीपर्यंत; पायातून टाकताना झिफॉइडपर्यंत (उरोस्थीचं खालचं टोक). घोट्याजवळच्या सॅफेनस शिरेतून २० सेंमी अगदी काठावर पुरते, हे आधीच ध्यानात ठेवा. लाइन सलाइनने प्राइम करा, म्हणजे आधी भरून घ्या. सरकवायला दात नसलेला बारीक फोरसेप वापरा आणि एका वेळी अर्धा-एक सेंमीच पुढे न्या. घाईत ती शिरेत गुंडाळी होऊन बसते. अडली तर हात थोडा फिरवा, हळू फ्लश करत पुढे न्या. सुई शिरेत असताना कॅथेटर सुईतून मागे ओढू नका. धार लागून तुकडा आत राहू शकतो. कातडीवरचं जंतुनाशक क्लोरहेक्सिडिन सुकू द्या आणि उरलेलं सलाइनने पुसून काढा, कारण २६ आठवड्यांच्या बाळाची कातडी त्याने भाजते.

खरी परीक्षा टिपची, म्हणजे लाइनच्या आतल्या टोकाची. हातातून टाकलेली टिप सुपीरियर व्हेना केव्हात (हृदयात वरून येणारी मोठी शीर) हवी, हृदयाच्या आत नको. मँचेस्टरमधल्या चार बाळांच्या मृत्यूनंतर ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २००१ मध्ये हेच बजावलं होतं: टिप उजव्या कर्णिकेत ठेवू नका. धोका टॅम्पोनाडचा, म्हणजे हृदयाभोवतीच्या आवरणात (पेरिकार्डियममध्ये) द्रव साचून हृदय दाबलं जाण्याचा. त्यात बाळ अचानक खचतं, ब्रॅडिकार्डिया येतो (ठोके मंदावतात) आणि सीपीआरला दाद मिळत नाही. लाइन असलेल्या बाळात असं झालं तर इन्फ्युजन थांबवून लगेच इको करा आणि पेरिकार्डियममधलं पाणी काढा. बऱ्याचदा ते टीपीएनच असतं.

एक्स-रेच्या वेळी हाताची स्थिती लिहून ठेवा. हाताच्या बेसिलिक शिरेतून टाकलेली लाइन हात अंगाला चिकटवला, कोपर वाकवलं की आत सरकते. म्हणून फिल्म त्याच स्थितीत घ्या, हात ताणून घेतलेल्या फिल्मवर विसंबू नका. १ फ्रेंचची रेघ केसासारखी दिसते, तेव्हा फिल्म मोठी करून बघा. तरीही शंका उरली तर थोडा कॉन्ट्रास्ट किंवा अल्ट्रासाउंड. डाव्या पायातून टाकलेली लाइन मणक्याच्या बाजूला वळलेली वाटली तर बाजूने घेतलेला (लॅटरल) एक्स-रे हवाच. ती असेंडिंग लंबर शिरेत (मणक्यालगत वर जाणारी शीर) असेल तर टीपीएन थेट पाठीच्या कण्याजवळ जातं.

चिकटपट्टीने हाताला गोल वेढा घालू नका. वर पारदर्शक ड्रेसिंग लावा, आणि ते ओलं किंवा सैल झाल्याशिवाय बदलू नका. उगाच केलेल्या बदलात लाइन निघून येते.

ब्लॉक होऊ नये म्हणून ताशी ०.५ मिलीच्या खाली जाऊ नका आणि हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) ताशी ०.५ युनिट प्रति किलो चालू ठेवा. फ्लशला १० मिलीपेक्षा लहान सिरिंज नको. लहान सिरिंजचा दाब लाइन फाडतो. फेनिटोइन (झटक्यांवरचं औषध) या लाइनमधून कधीच नाही. इतक्या कमी गतीत पंपाचा ऑक्लुजन (लाइन अडल्याचा) अलार्म उशिरा वाजतो, त्यामुळे प्रत्येक ड्युटीत पंपाचा दाब नोंदवा. दाब रोज चढत असेल तर अलार्मची वाट बघू नका. हब (लाइनचं बाहेरचं जोडणीचं टोक) उघडायचं तर जंतुनाशकाने चोळून पूर्ण सुकू द्या, आणि जोडण्या शक्य तितक्या कमी ठेवा.

काढताना हळू ओढा. अडली तर जोर नको; ऊबदार सलाइनची पट्टी लावा, थोडं थांबा, मग पुन्हा ओढा. काढलेली लाइन मोजून २० सेंमी पूर्ण आहे ना, हे नोंदवा.

लाइनवरच्या सेंटिमीटरच्या खुणा बारीक आहेत, वॉर्मरच्या उजेडात वाचायला त्रास होतो, एवढंच एक गाऱ्हाणं. किलोखालच्या बाळासाठी कपाटात हिचे दोन-तीन संच ठेवा, आणि बाकीच्यांसाठी २ फ्रेंच.