पुणे ते नागपूर शिफ्टिंग, रेल्वे पार्सलने : माझा रिव्ह्यू

वन बीएचके एवढंच सामान असेल आणि बजेट टाइट असेल तर पॅकर्स-मूव्हर्सला पूर्ण ट्रकचे पैसे देण्याआधी रेल्वेची पार्सल सर्व्हिस बघाच. आम्ही बाईक, पुस्तकं, भांडीकुंडी सगळं पुणे स्टेशनवरून असंच पाठवलं आणि मी मनापासून खूश आहे. ५ पैकी ४ स्टार.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे हिशोब उघड असतो, वजन, अंतर आणि गाडी कुठली यावर चार्ज लागतो आणि पावती हातात मिळते. याच्या उलट आमच्या ओळखीच्यांना एका मूव्हर्सवाल्याने फोनवर एक रेट सांगितला आणि सामान ट्रकमध्ये चढल्यावर जिन्याचे वेगळे, पॅकिंगचे वेगळे असं करत आकडा कुठल्या कुठे नेला. सामान त्याच्या ताब्यात, बोलणार काय?

बाईकचं नीट सांगते कारण सगळे तेच विचारतात. आरसी, इन्शुरन्स आणि ओळखपत्राच्या झेरॉक्स लागतात, टाकी पूर्ण रिकामी पाहिजे, थोडं पेट्रोल राहिलं तरी घेत नाहीत. पॅकिंग आपणच करून न्यायचं किंवा पैसे देऊन करून घ्यायचं, पण समोर उभं राहून करून घ्या, आरसे काढा, हेडलाइट आणि इंडिकेटरला आधी पुठ्ठा मग गोणपाट आणि वरून सुतळी घट्ट, टाकीवर जुनी चादर टाकली तर चरे पडत नाहीत. नाव, फोन आणि कुठून-कुठे हे मार्करने मोठ्ठं लिहा, दोन ठिकाणी. तुमचं त्याच गाडीचं तिकीट असेल तर बाईक लगेज म्हणून बुक होते, नसेल तर पार्सल, आणि पार्सल म्हणजे जागा मिळेल त्या गाडीने, त्यामुळे अमुक दिवशीच पोचेल असं धरून चालू नका. एक स्टार त्याचाच कापलाय.

सामानाची किंमत बुकिंगच्या वेळीच लिहून थोडा जास्तीचा चार्ज भरलेला बरा, नाहीतर काही हरवलं तर भरपाई किलोवर मिळते आणि ती अगदीच किरकोळ असते.

अजून एक, स्लीपर आणि थर्ड एसीला माणशी ४० किलो सामान फ्री असतं, म्हणजे चौघांची फुल तिकिटं असतील तर १६० किलो. कपडे, अंथरुणं, रोजची भांडी त्यातच बसवा, फक्त स्लीपरच्या डब्यात न्यायची बॅग १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटरच्या आत हवी, थर्ड एसीत त्याहून लहान.

कपाट, सोफा, बेड मात्र रेल्वेने पाठवायच्या भानगडीत पडू नका. जुना प्लायवूडचा बेड असेल तर विकून टाका, तिकडे सेकंडहँड घ्या. सागवानी कपाट सोडवत नसेल तर ट्रान्सपोर्टवाल्यांकडे रिटर्न गाडीत पार्ट लोड (म्हणजे ट्रकची फक्त थोडी जागा) विचारा, नागपूरकडे रिकामा परतणारा ट्रक असला की भाव बराच खाली येतो. गॅस सिलेंडर तर सामानात न्यायचाच नाही, एजन्सीला रेग्युलेटरसकट परत करून डिपॉझिट आणि तिकडच्या कनेक्शनसाठीचं व्हाउचर घ्या.

पोचल्यावर ओरिजिनल पावती आणि ओळखपत्र दाखवून सामान सोडवायचं, ठराविक वेळ फुकट ठेवतात, मग व्हार्फेज (सामान पडून राहिल्याचं भाडं) चालू होतं, म्हणून कोणीतरी गावात हजर हवंच. हमालाचा भाव सामानाला हात लावायच्या आधी ठरवा. आणि नागपूर महाराष्ट्रातच असल्याने बाईकला आरटीओची एनओसी लागत नाही, आरसीवरचा पत्ता तेवढा ३० दिवसांत बदलायला टाका.